त्या दुपारी पाणी चढलंच नाही

जिनोआ हे शहर मी एकदाच पाहिलं, तेही एका दिवसात. पुढे पुष्कळ बंदरं झाली, पण डोळा लागता लागता जे दिसतं ते तेच. दिसतं तेही सरळ नाही. त्याच्या अरुंद गल्ल्या रत्नागिरीच्या उताराला जोडलेल्या असतात, त्याचं दीपगृह आमच्या किल्ल्याच्या टोकावर उभं असतं, आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या मोठ्या चर्चच्या पायरीवर माझी आई कोळंबी सोलत बसलेली असते. मी तिला म्हणतो, आये, इथे बसू नको, लोक ओरडतील. ती म्हणते, कोण ओरडतंय, बघू. आणि कोणी ओरडत नाही.

जागेपणी मात्र मला सगळं नीट आठवतं, कारण त्या दिवशी संध्याकाळी सहाला मला एक उत्तर द्यायचं होतं.

मी तेव्हा एका मालवाहू जहाजावर मेसमन होतो. म्हणजे ताटं लावायची, उचलायची, धुवायची, कांदे-बटाटे सोलायचे आणि जेवणघर पुसायचं. घर नाटे गावाच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. इंग्रजीच्या बाईंनी उभं करून धडा वाचायला लावला आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. वर्ग हसला. बाई काही वाईट नव्हत्या, त्याही थोड्या हसल्या, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेच्या वाटेने निघायचो आणि जेटीवर जाऊन बसायचो. मग काही वर्षं मासेमारीच्या होडीवर, मग रत्नागिरीत एसटी स्टँडजवळच्या एका खाणावळीत. तिथे चाचा जेवायला यायचे.

चाचा दाभोळचे. जहाजावर स्वयंपाक करणाऱ्याला आमच्याकडचे जुने खलाशी भंडारी म्हणतात, तर चाचा भंडारी होते, तीसेक वर्षांपासून. माझ्या हातचं सार खाऊन त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?" मालकाने माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं, आता ओरडा बसणार. त्याऐवजी त्यांनी मला बोटीवर आणलं. मुंबईत कुकचं सर्टिफिकेट काढायला लावलं, परीक्षेच्या दिवशी दाराबाहेर स्टुलावर बसून राहिले. माझ्यासाठी असं बसून राहिलेला घराबाहेरचा तो पहिला माणूस.

जिनोआला लागलो तेव्हा चाचांचा करार संपत आला होता. पुढच्या बंदरात ते उतरून घरी जाणार होते. त्यांच्या जागी येणाऱ्या कुकचा व्हिसा अडकला होता. कप्तान ग्रीक होता, उंच, कमी बोलणारा. त्याने चाचांना विचारलं, तुझ्या हाताखालचा हा मुलगा दोन महिने किचन सांभाळेल का? चाचा म्हणाले, सांभाळेल. कप्तान म्हणाला, तू नको सांगू, त्याला सांगू दे. संध्याकाळी सहापर्यंत सगळ्यांना जहाजावर परत यायचं होतं, आठला जहाज सुटणार. सहा वाजता त्याला उत्तर हवं होतं, माझ्या तोंडून.

वीस माणसांचा स्वयंपाक मला जड नव्हता. भीती होती ती बोलायची. भंडाऱ्याला सामानाची यादी इंग्रजीत लिहावी लागते, बंदरावरचे अधिकारी येऊन फ्रिज उघडतात आणि प्रश्न विचारतात, कप्तानाशी दर आठवड्याला बसावं लागतं. तोवर माझं सगळं बोलणं चाचांच्या मागे उभं राहून मान हलवण्यावर भागलं होतं. आणि नाही म्हटलं तर जन्मभर ताटं, हेही कळत होतं. असं कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

"आज तुला शहर दाखवतो," चाचा सकाळी म्हणाले. "उत्तर संध्याकाळी. तोवर त्या गोष्टीचं नाव काढायचं नाय."

बंदराच्या फाटकापर्यंत बंदरातल्याच गाडीने सोडलं. तिथून रस्ता ओलांडला की शहर लगेच अंगावर येतं. मधे काही नाहीच. गल्ल्या एवढ्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंती लागतील. वर आकाशाची चिंधी, आणि तीही वाळत घातलेल्या चादरींनी झाकलेली. ऊन खाली पोहोचतच नव्हतं. कुठल्या तरी खिडकीत कोणी तरी गाणं म्हणत भांडी घासत होतं, पाण्याचा आवाज भिंतींवरून खाली उतरत होता. मला वाटलं, मी चालत नाही, कोणी तरी मला हळूहळू ओढतंय.

पहिलं खाणं एका बेकरीत. जाड, चपटा पाव, वर बोटांनी पाडलेले खड्डे आणि त्या खड्ड्यांत तेल नि मीठ. लोक तो दुधाळ कॉफीत बुडवून खात होते. खारट पाव, गोड कॉफी.

"बघ," चाचा म्हणाले, "आपण चहात खारी-बटर बुडवतो तर परवा तो सेकंड ऑफिसर नाक मुरडत होता. हे बघ त्याचे गाववाले."

"तो इटलीचा नाही चाचा, तो पोलंडचा."

"तुला सगळं माहीत. मग उत्तर का देत नाय?"

"तुम्हीच म्हणालात नाव काढायचं नाही."

"मी कुठे काढलं?"

चाचा प्रत्येक ठिकाणी आधी विचारायचे, "पोर्को?", म्हणजे डुकराचं आहे काय, आणि दुकानदाराने मान हलवून "नो, नो" म्हटलं की मगच हात पुढे करायचे. त्यांचं इटालियन तेवढंच. तेवढ्यावर त्यांनी दिवस काढला.

चर्च पाहिलं. काळ्या आणि पांढऱ्या दगडाचे आडवे पट्टे, खालपासून वरपर्यंत, दारात दगडी सिंह. एका सिंहाचं नाक हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. मीही लावला. आत गार होतं. चाचा मागच्या बाकावर चपला न काढता बसावं की काढून, या विचारात उभेच राहिले. मग म्हणाले, "उभ्यानेच बघतो." मी मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं, आमच्या ग्रामदेवीला घालतो तसंच, बा देवी म्हाराजा, आज संध्याकाळी तोंड उघडू दे. तिथला देव कोणता, त्याला मराठी येतं का, हे विचारायचं सुचलंच नाही.

मग एका लिफ्टमधून वर गेलो. शहराच्या पोटातून वर जाणारी सार्वजनिक लिफ्ट, लाकडी बाकांची. वर दार उघडलं आणि सगळं शहर खाली. राखाडी पाटीच्या दगडाची छपरं, एकावर एक. त्यापलीकडे क्रेन, त्यांच्यामध्ये आमचं जहाज, काडेपेटीएवढं. त्यापलीकडे पाणी, आणि पाण्यावर धुक्याचा एवढासा पदर. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. ती तेव्हा रत्नागिरीत माझ्या बहिणीकडे होती.

"जेवलास काय?" हे पहिलं.

"आये, हे बघ शहर."

"कठड्यावरून वाकू नको. छपरं बघ कशी, आपल्या कौलांसारखीच गो," हे बहिणीला. "आणि काय खाल्लंस?"

मी तिला शहर दाखवत गेलो. लिफ्ट दाखवली, गल्ली दाखवली, एका दुकानातली हिरवी चटणी दाखवली. ती चटणी मी पास्त्यावर घेऊन खात होतो आणि वास ओळखीचा येत होता, अगदी अंगणातला. मला एकदम कळलं आणि मी काटा खाली ठेवला.

"आये, ही तुळशीची चटणी आहे वाटतं."

"तुळस खाल्लीस?" तिचा आवाज असा चढला की शेजारच्या टेबलावरची बाई वळली. "वाटून?"

चाचांनी फोन हातातून घेतला. "वहिनी, तुळस नाय ती. सब्जा. सब्जाचं झाड असतं ना, त्याची पानं. सरबतात घालता की बी. तुमची तुळस सुखरूप आहे."

"मग खाऊ दे," आई म्हणाली. "पोटभर खाऊ दे."

असं करता करता फोनची बॅटरी संपली. चाचांचा फोन जहाजावरच चार्जिंगला. घड्याळ ते घालायचे नाहीत, कणीक अडकते म्हणून. मी म्हटलं, आता वेळ कशी कळणार? चाचा म्हणाले, "अरे, समुद्राच्या कडेला उभा आहेस नि वेळ विचारतंस?"

गल्लीतल्या एका दुकानात तांब्याची भलीमोठी परात लाकडाच्या भट्टीतून बाहेर निघत होती. तिच्यात पिवळाजर्द, वर करपट डाग पडलेला पातळ थर. चाचांनी तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. ते असेच शिकायचे. भाषा नव्हती त्यामुळे जिभेलाच विचारायचे.

"बेसन," डोळे मिटूनच म्हणाले. "पाणी जास्त. रात्रभर भिजवलेलं. तेल खाली, वर नाय. मिरी." मग डोळे उघडून भट्टीवाल्याकडे बघून बोटांनी चिमूट केली, पाण्याचा इशारा केला, हाताची उशी करून झोपल्याचा इशारा केला. भट्टीवाला खूश झाला. त्याने त्यांना काउंटरच्या आत घेतलं, पिठाचं पातेलं दाखवलं, दोघं मिळून पातेल्यात वाकले. मी बाहेर उभा होतो, हातात कागद, कागदात धिरड्याचा मोठा भाऊ, आणि वाटत होतं, हे सगळं कोणी तरी दुसराच बघतोय आणि मला सांगतोय.

"बघितलंस? एक शब्द बोललो काय मी?" बाहेर येऊन चाचा म्हणाले.

"कप्तानाशी असं चालेल का चाचा? हाताची उशी करून?"

ते हसले आणि पुढे चालू लागले.

दुपारी बसने शहराच्या टोकाला गेलो. तिथे एक जुनी मच्छीमारांची वस्ती आहे, मूठभर. पिवळी, गुलाबी, विटकरी घरं एकमेकांना चिकटून, मधे गोट्यांचा लहानसा किनारा, त्यावर ओढून ठेवलेल्या होड्या. कागदाच्या सुरळीत तळलेले बारीक मासे मिळाले, अगदी मांदेली. काट्यासकट खाल्ले. चाचा म्हणाले, रवा लावायला पाहिजे होता, पण बिचाऱ्यांना कोण सांगणार. मग ते एका होडीच्या सावलीत गोट्यांवर आडवे झाले. रोज पहाटे चारला उठणारा माणूस. कित्येक महिन्यांत मी त्यांना दिवसाउजेडी आडवं झालेलं पाहिलं नव्हतं.

झोपण्याआधी त्यांनी विचारलं, "आज तिथी कोणती?"

किचनमध्ये आमचं मराठी कॅलेंडर टांगलेलं असायचं. सकाळीच पाहिलं होतं. "द्वादशी."

"बारा. बाराची पाऊणपट?"

"नऊ."

हा हिशेब आमच्या किनाऱ्यावर पोरालाही येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. नऊला भरती, म्हणजे तीनला पुरती ओहोटी. आम्ही बसमधून उतरलो तेव्हा कुठल्या तरी घड्याळात तीनला थोडीच मिनिटं कमी होती. म्हणजे पाणी आता तळाला होतं आणि यापुढे चढणार. चाचांनी पाण्यापासून तीन पावलांवरचा एक मोठा पांढरा गोटा दाखवला. "पाणी ह्याला लागलं की साडेचार झाले समज. मला उठव. आरामात पोहोचू." आणि ते झोपले. एका क्षणात.

मी पाण्याकडे बघत बसलो.

ती दुपार मला पुरती सांगता येणार नाही. पाणी काचेसारखं. लाट म्हणावी अशी लाट नाही, नुसता गोट्यांमधून श्वास आत जातो नि बाहेर येतो, आणि प्रत्येक वेळी गोटे एकमेकांशी काही तरी बोलतात. घरांचे रंग पाण्यात उतरून हलत होते. एक म्हातारी खुर्ची टाकून विणत होती, पाय पाण्यात. दोन पोरी अंग पुसत होत्या. एक बाप तान्ह्या पोराला टोपलीत घालून पाण्यापासून हातभर अंतरावर गाढ झोपला होता. माझा जीव त्या टोपलीत अडकला. आमच्याकडे असं कोणी निजवेल का? डोळा लागतो तेवढ्यात पाणी येऊन पोर घेऊन जाईल. मी मनात ठरवलं, पाणी चढायला लागलं की आधी टोपली उचलायची, मग चाचांना उठवायचं. दोन कामं झाली मला. त्यामुळे थोडं बरं वाटलं. काम असलं की माझी भीती कमी होते.

पाणी चढलं नाही. मी गोट्याकडे बघायचो, मग पाण्याकडे, मग गोट्याकडे. मधेच वाटायचं, चढलं. मग कळायचं, ते माझंच डोकं हललं. सूर्य पाहिला तर आपल्याकडचे चार वाजले असावेत एवढा वर. म्हणजे सगळं जमत होतं. तिकडे उन्हाळ्यात सूर्य रात्री नऊपर्यंत मावळत नाही, हे ध्यानातच आलं नाही. वेळ जात नव्हता, पाणीही येत नव्हतं, दोघांचं संगनमत असल्यासारखं. त्या वेळेत मी मनातल्या मनात कप्तानाला दोन्ही उत्तरं देऊन पाहिली. हो म्हटलं की पुढची सगळी वाक्यं इंग्रजीत उभी राहायची आणि जीभ टाळ्याला. नाही म्हटलं की चाचांचा चेहरा.

विणणाऱ्या म्हातारीच्या मांडीवर फोन होता. तिला विचारायचं एवढंच. एक शब्द. दोनदा मी उठलो, दोनदा बसलो. काय विचारायचं, व्हॉट टाइम की व्हॉट इज टाइम? यात किती वेळ गेला ते देवाला ठाऊक. पाण्यावर विश्वास ठेवणं सोपं होतं. पाणी चुकत नाही, हे मी जन्मापासून ऐकत आलो होतो.

शेवटी म्हातारीने विणकाम गुंडाळलं, खुर्ची मिटली. टोपलीवाला बाप उठला, पोर उचललं आणि निघाला. किनारा रिकामा होऊ लागला. पांढरा गोटा कोरडाच. मी धावत म्हातारीपुढे गेलो आणि मनगटावर बोट आपटून म्हणालो, "टाइम? मॅडम, टाइम?"

तिने फोन दाखवला. पाच वाजून पंचवीस मिनिटं.

"चाचा!"

ते उठून बसले, आधी पाण्याकडे पाहिलं, मग गोट्याकडे. "अजून लागलं नाय की."

"साडेपाच झाले!"

चाचा गोट्याकडे बघतच राहिले. तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, पण भंडारी. किचनच्या गोल खिडकीतून जेवढा दिसेल तेवढाच समुद्र. "पाणी कुठे गेलं मग?" असं त्यांनी विचारलं, अगदी लहान मुलासारखं, आणि चपला हातात घेऊन धावायला लागले.

बस हलत नव्हती, मग टॅक्सी. तीही हलत नव्हती. समुद्राच्या कडेने गाड्यांची रांग, आणि पाणी तसंच, दुपारी होतं तिथेच, मजेत. चाचा पुढे बसले होते. वळून म्हणाले, "मी बोलतो कप्तानाशी. म्हातारा माणूस, झोप लागली. तू गप्प राहा." मी मान हलवली. नेहमीसारखीच.

जहाजाच्या शिडीवर पोहोचलो तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. शिडीवरच्या ऑफिसरने वहीत वेळ लिहिली, मान वर न करता म्हणाला, दोघंही वर, कप्तानाकडे.

कप्तान टेबलामागे उभा होता. चाचा सुरू झाले, "सर, माय मिस्टेक, आय स्लीप..." कप्तानाने त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. चाचांच्या शेवटच्या करारावर, तीस वर्षांनंतर, पहिला काळा शेरा पडणार होता, आणि तो माझ्यामुळे.

"नो सर," मी म्हणालो. "ही स्लीप, आय वॉच. माय मिस्टेक."

मग थांबता आलं नाही. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी सगळं सांगितलं. आमच्या गावी दिवसातून दोनदा पाणी चढतं, माणसाच्या उंचीहून जास्त. आम्ही चंद्राच्या तारखेवरून वेळ काढतो, बारा, त्याची पाऊणपट, नऊ. पांढरा दगड. टोपलीतलं पोर. मी म्हातारीला लवकर विचारलं नाही, कारण मला बोलायची भीती वाटते. क्रियापदं कुठे होती, काळ कोणता होता, मला माहीत नाही. हात हलत होते. मधे शब्द सापडला नाही तेव्हा मी टेबलावर पाणी काढून दाखवलं, बोटाने, असं वर, असं खाली.

कप्तानाने टेबलावरच्या माझ्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "इथे पाणी चढत नाही. फार तर एक वीत." त्याने बोटं ताणून वीत दाखवली. "माझ्या गावीही नाही. मी पहिल्यांदा मुंबईला आलो तेव्हा उलटं झालं होतं. संध्याकाळी छोटी बोट बांधून ठेवली, सकाळी ती चिखलात."

चाचांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं.

"पुढच्या बंदरात तुला बाहेर जायला मिळणार नाही," कप्तान म्हणाला. "आता दुसरं. कंपनीच्या मेलला उत्तर द्यायचंय. किचन?"

"येस सर," मी म्हणालो. मग भीतीने पुन्हा म्हणालो, "येस. बट यू स्पीक स्लो, सर."

"तूही," तो म्हणाला.

खाली आलो. जेवणघरात माणसं बसलेली, चाचांनी सकाळी करून ठेवलेलं कालवण गरम करायचं होतं, भात टाकायचा होता. मी एप्रन बांधला आणि चाचांची वाट बघत उभा राहिलो. ते आत आलेच नाहीत. जेवणघरात जाऊन खलाशांमध्ये टेबलाशी बसले, तीस वर्षांत पहिल्यांदाच असेल, आणि तिथून ओरडले, "ओ भंडारी! जेवायला काय आहे काय नाय? माणसं उपाशी मरतायत!"

सगळे हसले. मी तांदूळ धुवायला घेतले. त्या रात्री भात जरा खाली लागला. चाचांनी दोनदा मागून घेतला.